पाईप, बेदाणे आणि अण्णांची गादी

२ सप्टेंबर, सोमवार
पाईप आला. वाकडी दांडी, तपकिरी लाकूड. आरशात पाहिलं. इतकी वर्षं मी अर्धवट चेहऱ्याने फिरत होतो.
गुडघ्यांमुळे अण्णा दसऱ्यापासून दुकानाची गादी सोडणार. म्हणजे गणपती पेठेतलं आमचं तंबाखूचं दुकान माझ्याकडे. एकुलता एक मुलगा, दुसरं आहे कोण?
संकल्प: फक्त पाईपची तंबाखू. मिश्री बंद. भाजलेली तंबाखू दाताला लावणाऱ्या बायकांच्या गर्दीतून जंटलमन गिऱ्हाईक आत येणार कसं?
अण्णा म्हणाले, दसऱ्यापर्यंत स्वतःचा एक किलो माल खपवून दाखव, मग गादीचं बोलू. एक किलो! मी पाच सांगितले.

५ सप्टेंबर, संध्याकाळी ६
पाईप पेटतो. मग विझतो. व्हिडिओतला गोरा म्हणतो, पेशन्स हवा. पेशन्स आहे. काड्या संपल्या.

९ सप्टेंबर
लालासाहेब आले. रिटायर्ड सुभेदार, मूळचे म्हसवडचे, नेहमी चुना-तंबाखू नेतात. त्यांनी माझा पाईप भरून एका काडीत पेटवून दिला. कर्नलसाहेबांचा पाईप म्हणे अकरा वर्षं तेच भरत होते. मी त्यांना मनोमन सल्लागार नेमलं. स्वतः कुठला ब्रँड ओढता, विचारलं. म्हणाले, आवं अवधूतराव, मी कवा वडतोय, मला धुरानं ठसका लागतो.
विनय. खरे शौकीन असेच असतात.

१४ सप्टेंबर
आजपासून माझा स्वतःचा ब्लेंड. पाच किलो उत्तम तंबाखूचा पाला, बेदाण्याचं पाणी, गूळ, लवंग. सांगलीत बेदाण्याला काय तोटा? सगळं गच्चीवर वाळत घातलं. भार्गवीने विचारलं, हे ओढायचंय की नैवेद्याला आहे? बायकोला व्हिजन नसेल तर माणसाने एकट्यानेच पुढे जावं.
दुपारी मुंग्या आल्या. क्वालिटीची पावती.

२० सप्टेंबर
पितृपक्ष. शुभारंभ करता येत नाही, त्यामुळे विश्रांती. माल अजून ओला. आज पाईप चार मिनिटं चालला, त्यातली तीन काड्यांची.

२५ सप्टेंबर
लालासाहेबांनी ब्लेंड हुंगला. वास लय झ्याक हाय म्हणाले, शिऱ्यावाणी. माजी सैनिकांमधले शौकीन घेऊन या, असं सांगितलं होतं. एक आले. चुना मागितला.

२९ सप्टेंबर, रविवार
साताऱ्याला गेलो. तिथल्या एका डॉक्टरांकडे पाईप आहे, अशी पक्की माहिती होती. आहे. पंधरा वर्षांपूर्वी सोडलाय, आता त्याने खिडकी अडकवून ठेवतात. पण माझ्या पाईपच्या दांडीचं कौतुक केलं. सातारा मार्केट ओपन झालं असं समजायला हरकत नाही.
घरी आलो तर अनर्थ. मिश्रीचं जुनं गिऱ्हाईक हरणाबाई दारात, दुकानातली मिश्री संपलेली, आणि गच्चीवरच्या मालाला कुबट वास येतोय म्हणून भार्गवीने त्यातला एक किलो तव्यावर भाजून, कुटून, देऊनही टाकला. दसऱ्यापर्यंत तिच्याशी अबोला.
(साडेआठला मीठ मागावं लागलं.)

३ ऑक्टोबर, घटस्थापना
हरणाबाई सात बायका घेऊन आल्या. म्हणाल्या, ती ग्वाड मिसरी द्या, जल्मात असली लावली न्हाई. मी त्यांना ब्लेंडमागचा विचार समजावू लागलो. हरणाबाई म्हणाल्या, आवं दादा, तुमी जरा बाजूला व्हा, वैनींना हाक मारा. श्रोते अजून तयार नाहीत.

८ ऑक्टोबर
पाचही किलो संपले. चार दिवस आधी! ताबडतोब अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, पाईपला किती गेला? म्हटलं, तो तपशील झाला. मग ते भार्गवीला विचारत बसले. मंद आच का ठेवली, लवंगा का काढून टाकल्या, कुठल्या चाळणीने चाळलं. पाऊण तास. माझ्या ब्लेंडबद्दल त्यांना इतकी उत्सुकता असेल असं वाटलं नव्हतं.

११ ऑक्टोबर
उद्या गादी. भाषण लिहिलं, अडीच पानं. लालासाहेबांना बोलावलंय.

१२ ऑक्टोबर, दसरा
तराजूची पूजा झाली. अण्णा भिंतीला धरून उठले, गादीवरची चादर हाताने सारखी केली आणि भार्गवीला म्हणाले, बस बाई.
ती बसेना. माझ्याकडे बघत राहिली. भाषणाचा कागद माझ्या हातातच होता. मी म्हटलं, बस की. आवाज जरा बारीक आला, धुराने घसा बसलाय.
लालासाहेबांनी तिला कडक सॅल्यूट ठोकला.
नंतर अण्णा जवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, माल तुझा चांगला होता रे, पण गिऱ्हाईक तिला दिसलं. एवढंच.
खरं तर माझाही हाच प्लॅन होता. मालकाने गादीवर अडकून पडू नये.

१४ ऑक्टोबर, सोमवार
आठला दुकान उघडलं. दिवसभर मिश्री चाळली. शिंका एकोणतीस. पाईपकडे बघायला वेळ झाला नाही.
हरणाबाई येऊन बराच वेळ माझे हात बघत होत्या. मग भार्गवीला म्हणाल्या, वैनी, गडी बरा हाय, जरा सावकाश चाळतोय. ठेवणार व्हय?
भार्गवी म्हणाली, बघू दिवाळीपर्यंत.