चष्म्यातल्या खोलीतली काच

नांदेड, मंगळवार

प्रिय शिवम,

अनेक आशीर्वाद. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहून राहिले. मोहियोद्दीनभाईंचा शहेबाज उद्या लातूरला येणार आहे, त्याच्याजवळ पाकीट देते. कुरिअरला कशाला पैसे घालायचे.

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, हे तुला कळवलं होतं. अजून पन्नाशी नाही गाठली माणसानं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता. कॅथलॅबमध्ये, हृदयाच्या नळीत तार घालतात त्या खोलीत टेक्निशियन आहे म्हटल्यावर बाईंनी पुन्हा एकदा दोन्ही डोळे बॅटरीनं तपासले. मग म्हणाल्या, भिंगाच्या मागच्या अंगाला आहे, वर्षानुवर्षं एक्स-रेच्या किरणांत उभं राहिल्यावर असा होतो. आता सांजेला देवापुढं बसले की यांना निरांजनाभोवती मोठं कडं दिसतं. मला म्हणतात, तुझ्या देवाला प्रभावळ आली. मला हसू येत नाही.

तू तुझ्या कंपनीचे ते डोळ्यांवर बांधायचे चष्मे घेऊन आप्पांच्याच दवाखान्यात शिकवायला आलास, तेव्हा किती मिरवलं होतं यांनी. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत तुझा चष्मा मांडला, मी हळदकुंकू वाहिलं. चष्मा घातला की समोर चित्रातली तीच कॅथलॅब, तेच टेबल, आणि न दिसणारी किरणं लाल धुरासारखी पेशंटच्या अंगावरून उसळताना दिसायची. छताला टांगलेली शिशाची काच ओढून तोंडापुढं घेतली की धूर तिथंच थांबायचा. शेवटी परीक्षा घेतलीस, त्यात आप्पा सगळ्यांत पहिले आले. टाळ्या झाल्या, पेपरात फोटो आला. तो मी देवघराच्या भिंतीला लावला.

खऱ्या खोलीत ती काच नव्हती. कधीच फुटून गेलेली, छताला नुसता दांडा लोंबतो. नवी मागवायची तर महाग, म्हणून मालकांनी तुझे चष्मे घेतले. तपासणीला माणसं आली की तेच दाखवतात. आणि आप्पांचा हात कामाच्या गडबडीत सवयीनं वर जायचा, काच ओढल्यासारखा, अन हे निर्धास्त पुढं वाकायचे. मग ध्यानात यायचं. जेवताना आम्हाला हसून सांगायचे, "पोरानं खोली लई देखणी केली, पण काच तेवढी चष्म्यातच ठेवून गेला." तुला वाईट वाटेल म्हणून तुझ्याजवळ कधी बोलले नाहीत.

महिन्यापूर्वी यांनी ऑपरेशनचा खर्च आणि दुसरं काम मागितलं. तिथले मॅनेजर शेषेराव म्हणाले, ज्ञानोबा, तुम्ही पहिल्या नंबरानं शिकलेले, तरी काच वापरली नाही, चूक तुमची. आता कामावरूनच काढायचं म्हणतात. सोमवारी चौकशी आहे. बावीस वर्षांत एक दिवस उशिरा न गेलेला माणूस घरात मान खाली घालून बसतो आणि मलाच विचारतो, खरंच माझी चूक असेल का गं.

मोहियोद्दीनभाई त्याच खोलीत वॉर्डबॉय आहेत. काल ते सांगून गेले की सोमवारी दवाखान्याच्या बाजूनं तूच येणार, आणि काच कुठं टांगली आहे ते चौकशीच्या साहेबांना चष्म्यात दाखवणार. आप्पांना मी हे सांगितलेलं नाही. खोली बनवण्याआधी तू फोटो काढायला आलास, तेव्हा शिडी भाईंनीच धरली होती. रिकामा दांडा बघून त्यांनी विचारलं, तर तू म्हणालास म्हणे, शिकवायला खोली जशी पाहिजे तशीच दाखवावी लागते. ते फोटो तुझ्याजवळ आहेत. सोमवारी ते आण. दवाखान्याचं काम हातचं जाईल, कंपनी तुलाही घरी बसवेल. पगार थांबला की घर कसं चालतं, ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरीही मागते. नवस बोलले नाही. देवाच्या हातातलं हे काम नाही. आणि चष्माच दाखवायचा असेल, तर कंपनीतला दुसरा कोणी पाठव. आप्पांना आता माणसं धूसर दिसतात, पण तुझा आवाज ते ओळखतील.

तुझीच,
आई