पुढच्या डाव्या दांड्याची जागा

मी, तेप्पेई निशिगोरी, वय सव्वीस, राहणार कामिओसे, वरची आळी, सध्या कावासाकीत घरं पाडण्याच्या कामावर. डोकं ताळ्यावर आहे, दारू प्यायलेली नाही, आणि हे स्वतःच्या हाताने लिहितो. शाळा लवकर सुटली. चुका तशाच राहू द्याव्यात.

शरदाच्या जत्रेत आमची पालखी खालच्या आळीच्या पालखीवर आदळते. पुढचा डावा दांडा धरणाऱ्याने आधी मृत्युपत्र देवळात ठेवायचं, ही रीत. यंदा गावविकास समितीने त्याचा छापील फॉर्म पाठवला, खुणा करायच्या चौकोनांसकट. तो मी फाडला.

१. घर बहीण चिझुरु हिचं. ते पाहुण्यांच्या मुक्कामाला समितीच्या घशात घालू नये. त्यापेक्षा आमच्या मुकादमाला बोलवावं, अर्ध्या दिवसात सपाट करील.

२. माझा घण आणि पहार सोबती थो याला.

३. ज्या जुन्या दांड्याखाली वडिलांची छाती चिरडली, तो सेगावाने आपल्या कॉफीच्या दुकानात टेबल म्हणून बसवला. हा टोकियोहून येऊन गावात राहिलेला. गेल्या वर्षी त्यावर कप दिसले आणि मी त्याचं तोंड त्याच लाकडावर आपटलं. दोनदा. दोन दात पडले.

रक्त थुंकत म्हणाला, "अरे, समिती जाळणार होती, मी वाचवला!"

"मग दांड्याखाली उभा राहून दाखव, शहाण्या."

दुसऱ्या दिवशी जत्रेत आला. जबडा फडक्याने बांधलेला. माझ्या मागेच उभा राहिला. पालख्या आदळल्या तेव्हा त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"सोड, मरशील!" मी ओरडलो.

"आधी तू सोड!"

त्याने सोडला नाही. सोडला असता तर दांडा माझ्या छातीवर आला असता, वडिलांच्या आला तसा.

४. ही जागा रिकामी राहिली तर पालखीला चाकं लावायची, असा समितीचा ठराव आहे. पर्यटकांना फोटो काढायला सोपं. म्हणून माझ्यामागे ही जागा सेगावाची. आळीत कोणाला हे खुपत असेल तर त्याने स्वतःचा खांदा द्यावा, नाहीतर तोंड बंद ठेवावं. दातांची माफी मी मागत नाही. दांडा दुकानातच राहू दे. जत्रेच्या दिवशी मात्र त्यावर कप नको.

सेगावा, हे तुला वाचून दाखवत असतील तर मी गेलो. आता तुझं लिहायला बस. हाताने.

साक्षीदार:
दोई मासायुकी, मुकादम. (वाचलं. गाढव आहे, पण शुद्धीत आहे.)
थो, व्हिएतनामचा. (वाचता येत नाही. लिहिताना समोर होतो.)

सही आणि शिक्का: तेप्पेई निशिगोरी
कावासाकी, कामगारांची खोली, ३ ऑक्टोबर २०२४