सुभेदाराला ऊन सोसत नाही

आदरणीय व्याहीबुवा लालासाहेब यांना तासगावाहून जोतिबाचा गुडघे टेकून रामराम (टेकलेले गुडघे परत उभे राहायला वेळ लागतो, तोवर नमस्कार चालूच आहे असं समजावं). इकडं माणसं, जनावरं आणि द्राक्षं ठाकठीक. तुमच्या पाठीचं काय? निर्गुडीचा शेक सोडू नका. तुमच्या त्या पाचगणीच्या वरच्या गावात बारा महिने गारवा, म्हणजे पाठीला वाईटच, पण बाकी सगळ्याला किती चांगला, हे माझ्या अलीकडं फार मनात येतं. शालनला म्हणावं, तुझं लग्न होऊन वर्ष झालं, तरी तुझी आई रोज एक भाकरी तुझ्या नावाची जास्त थापते. ती कोण खातं, ते आता सांगतो.

लग्नात आमच्या गोठ्यात एक करडं-पांढरं वासरू बांधलेलं तुम्ही पाहिलंत आणि मायेनं त्याच्यापुढं कडब्याची पेंडी टाकलीत, आठवतं का? त्या वेळी मी काही बोललो नाही, कारण मुलीच्या बापानं वरबापाची चूक भर मांडवात दाखवायची नसते. ते वासरू नव्हतं. ते कुत्रं आहे. आमचा अर्जुना पलटणीत वर बर्फात असतो. तिथं त्याच्या साहेबांनी बर्फावरची बिनचाकाची गाडी ओढायला उत्तरेकडची मोठी कुत्री पाळलेली. त्यांतल्या एकीला पिल्लं झाली आणि साहेबांनी खूश होऊन एक अर्जुनाला दिलं. दिवाळीच्या रजेला अर्जुना मिरजेला उतरला तो टोपली घेऊन. तुमच्या विहीणबाईंनी टोपलीत बघितलं आणि म्हणाल्या, "येवढंसं तर हाय, वाढून वाढून किती वाढंल?" संक्रांतीला त्याच म्हणत होत्या, "आवं, ह्ये वाढायचं थांबंना की."

अर्जुनानं त्याचं नाव सुभेदार ठेवलं. अर्जुना स्वतः अजून नाईक आहे, त्यामुळं रजेवर आला की घरच्या कुत्र्याला सलाम करण्याची त्याच्यावर पाळी येते, आणि तो करतो. जाताना मला सांगून गेला, "आबा, मी परत येईस्तवर ह्याला जपा." तेव्हापासून त्याच्या प्रत्येक पत्रात पहिली ओळ सुभेदाराची, दुसरी आईच्या दम्याची आणि माझी ओळ जागा उरली तर. मला त्याचं वाईट वाटत नाही. सुभेदाराचं रूपच तसं आहे. डोळे घाऱ्या माणसासारखे, शेपूट पाठीवर तुऱ्यासारखं वळलेलं, आणि केस असे की हात घातला तर कोपरापर्यंत सापडत नाही. तो भुंकत नाही (हलकं काम तो करतच नाही). मारुतीच्या देवळात आरतीची घंटा झाली की मान वर करून लांब सूर लावतो. पहिल्यांदा लावला तेव्हा पूर्वेकडनं मेंढरं घेऊन आलेला सिद्धू धनगर काठी घेऊन धावत आला. म्हणाला, "आबा, ह्ये कुत्रं न्हवं, लांडगं हाय. मी लांडगं वळखतो." मी म्हटलं, "लांडगं भाकरीबरोबर लोणचं मागतं का?" तेवढ्यात सिद्धूची स्वतःची दोन कुत्री सुभेदारापुढं पोट वर करून निजली. त्या दिवसापासून सिद्धू मेंढरं आमच्या बांधावरनं नेत नाही. बांध वाचला, हाही सुभेदाराचाच उपकार.

आमच्या घरात फुकट खाणारं जनावर नाही. अर्जुनानं लिहिलं होतं की ही ओढकामाची जात आहे, हिला ओढायला काही नसलं की ती खंगते. म्हणून मी गुंडा सुताराकडं गेलो. जुन्या सायकलीच्या दोन चाकांचा गाडा करायला सांगितला. गुंडा म्हणाला, "जू करू का खोगीर करू, त्ये आधी ठरवा, आन् मापाला जनावर घिऊन या." माप घेता घेता सुभेदारानं गुंडाचा रंधा चाटून साफ केला. गाडा झकास झाला. फक्त एक अडचण निघाली. सुभेदाराला "चल" कळतं, "थांब" कळत नाही. बर्फात थांबायची गरज पडत नसावी. पहिल्या दिवशी मी ओल्या वैरणीचा भारा घेऊन मळ्यातनं घरी निघालो. घर आलं, घर गेलं, ओट्यावरच्या माणसांनी रामराम घातले, मी ते घेत घेत पुढं गेलो, आणि वैरणीसकट पुढच्या कवठे गावाच्या वाटेला लागलो. ओढ्याला पाणी दिसलं तेव्हा तो आपण होऊन त्यात बसला म्हणून बरं. लोक हसले. हसोत. तेवढी वैरण एका दमात तेवढ्या लांब नेणारा बैल पंचक्रोशीत दाखवा म्हणावं.

आता ओढकाम करणारं जनावर म्हटल्यावर बेंदराला, बैलांच्या सणाला, त्याचा मान नको का? तुम्ही शेतकरी आहात, तुम्हीच सांगा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं मळले, तसे मी सुभेदाराचेही मळले. (पांढरे केस अजून पिवळे आहेत. शोभतात.) दुसऱ्या दिवशी पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं आणि नाकात वेसण नाही एवढाच काय तो फरक करून त्याला मिरवणुकीत नेला. वेशीत गवताच्या जाड दोराची कर आडवी बांधलेली होती. ती बैलांनी पळत येऊन तोडायची, आणि पहिली तोडायचा मान पिढ्यान्पिढ्या गावचे मानकरी नानासो यांच्या बैलाचा. मी सुभेदाराला सगळ्यांच्या मागं धरून उभा होतो. मला मान मोडायचा नव्हता. पण हलगी वाजली, आणि सुभेदाराला वाटलं "चल" झालं. कासरा मी मनगटाला गुंडाळलेला (ही चूक माझी, पण बैल धरायची तीच रीत आहे). नानासोंच्या बैलाच्या पोटाखालनं सुभेदार गेला, बैल बिचकून बाजूला झाला, मी त्या मोकळ्या जागेतनं गेलो. सुभेदार करेच्या खालनं सरळ निघून गेला. मी खालनं जाण्याइतका बुटका नाही. कर माझ्या छातीला लागली, ताणली, आणि तुटली.

नानासो पुढं आले, माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "जोतिबा, गड्या, कर तुज्या छातीनं तुटली. म्हंजे बैल तूच. मग शिंगं तरी रंगवून यायचं व्हतंस." मग पंच बसले. कुत्र्यानं तोडली म्हणावं तर त्याला कर लागलीच नाही. बैलानं तोडली नाही हे तर सगळ्यांनी पाहिलेलं. शेवटी पंचांनी सांगितलं की कर ज्यानं तोडली, त्याचे पाय धुवायचे आणि त्याला पुरणपोळी चारायची, ही रीत आहे, आणि रीतीत जनावराचं नाव कुठं घातलेलं नाही. नानासोंच्या आई अंबूबाई परात आणि तांब्या घेऊन आल्या. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "गप हुबा ऱ्हा, लाथ मारू नगंस." पोळी आम्ही दोघांनी मिळून खाल्ली. त्याला मोठा वाटा दिला, कारण ओढलं त्यानं. व्याहीबुवा, आमच्या घराण्यात आजवर कुणाला हा मान मिळाला नव्हता. तुमची सून या घरातली आहे, हे चार लोकांत सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र लिहितो, कारण व्याह्यापाशी झाकून ठेवू नये. बेंदराआधीच्या वैशाखात सुभेदार हातातनं गेलाच होता. विहिरीच्या पाटात आडवा झाला, डोळे फिरवले, जीभ मातीत. विहीणबाई आणि मी त्याच्यावर ओली गोणपाटं टाकत बसलो. पाऊस लवकर आला म्हणून वाचला. जनावरांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, पुढचा उन्हाळा त्याला इथं ठेवू नका. निभणार नाही." आता शिमगा तोंडावर आला आहे. परवा दुपारी तो भाकरी न खाता उठून गेला. अर्जुनाला मी पत्रात "सुभेदार मजेत" असं लिहिलं. पण असो. हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही, तुमची खुशाली विचारावी म्हणून सहज लिहिलं आहे. थोरांना दंडवत, धाकट्यांना आमच्या वाट्याचे लाड, आणि तुमच्या पाठीला आराम पडो.

आपला,
जोतिबा

ता. क. : शिमग्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत सुभेदाराला तुमच्याकडं ठेवून घ्याल का? त्याचं काही करावं लागत नाही. वर जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं लहानपणीचं आहे, आता तो पोक्त झाला आहे. गाड्याला मात्र जुंपू नका. जुंपलात तर रस्ता घराच्या पुढं कुठवर जातो ते आधी बघून जुंपा.

दुसरं ता. क. : विहीणबाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "येकट्याला धाडू नगा. त्यो तुमच्याबिगर खात न्हाई म्हनशीला, पर खरं तर तुमीच त्याच्याबिगर खात न्हाईसा. दोगंबी जावा, माझ्या दम्याला जरा बरं पडंल." तेव्हा मीही येईन म्हणतो. तुमचा गोठा मला पुरे. शालनला अजून मूल नाही, तोवर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा मी पिणार नाही, ही आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माझं पीठ, माझी घागर मी घेऊन येतो. गोठा घरात धरत नाहीत, हे इथल्या भटजींना विचारून घेतलं आहे.

तिसरं ता. क. : पत्र टपालानं धाडणार होतो. पण गावातला द्राक्षाचा ट्रक पुण्याला निघाला, ड्रायव्हर म्हणाला वाईला सोडतो, आणि वाईपासून पसरणीचा घाट सुभेदारानं मला वर ओढत आणलं. माथ्यावर गार वारं लागलं तेव्हा तो पाणी न दिसताही जन्मात पहिल्यांदा आपण होऊन थांबला. बराच वेळ नाक वर करून उभा होता. मीही उभा राहिलो. हे मी तुमच्या घराखालच्या रस्त्यावर, दगडावर बसून लिहीत आहे. मागणं घेऊन लेकीच्या उंबऱ्यावर उभं राहवत नाही, म्हणून पत्र त्याच्या गळ्यात बांधून त्याला वर सोडतो. नाही म्हणायचं असेल तर मला बोलावू नका, त्याला तसाच खाली पाठवा, मी समजेन. आणि हो असेल तर आधी त्याला पाणी पाजा. रीत माझ्यापुरती आहे, त्याला तुमच्या घरचं चालतं.