लाल रंगाखालचा चौदा नंबर

१२ ऑगस्ट, सोमवार

सुरुवात केली! मडगार्ड सुटले, बॉनेट काढून गोठ्यातल्या मोठ्या टेबलावर आडवं ठेवलंय. बाबांचा ट्रॅक्टर असा उघडावाघडा मी अठ्ठावन्न वर्षांत पाहिला नव्हता. नांगरणीचा सामना एकवीस सप्टेंबरला. जुन्या ट्रॅक्टरांच्या गटात माझं नाव दिलंय. जन्मभर टपाल वाटलेली बाई आता नांगरणार म्हणून जुन्या ट्रॅक्टरांच्या क्लबात दोघं हसले. हसू देत.

कारखान्यातून आला तेव्हा तो करडा होता. लाल रंग नंतरचा, फाटकांना लावतात तो, ब्रशने थापलेला. तो सगळा उतरवून पुन्हा करडा करायचा.

आईला सांगितलं. "लाल काय वाईट आहे?" एवढंच म्हणाली आणि बटाटे सोलत बसली.

१४ ऑगस्ट, बुधवार

रंग काढायचं जेल आणलं. जाड फासायचं, वरून प्लास्टिक घट्ट लपेटायचं, वीस मिनिटं थांबायचं. मी बारा मिनिटंच थांबले — राहवेना. प्लास्टिक उचललं तर दुधावर साय धरावी तसा लाल रंग सुरकुतलेला! पट्टीने ढकलला की लांबच लांब सालटं निघतात. बॉनेटची उजवी बाजू जेवणाआधी लख्ख. खाली नुसतं लोखंड, चांदीसारखं.

जेलचा थेंब मनगटावर पडला, फोड आलाय. तरी उद्या कधी उजाडतंय असं झालंय.

१५ ऑगस्ट, गुरुवार

गाढवपणा! लहानसहान भाग कॉस्टिक सोड्याच्या पिंपात टाकले. लोखंडी सगळे झकास निघाले, पण त्यांत इंजिनाचं एक झाकण अॅल्युमिनियमचं होतं. पिंप फसफसायला लागलं. बाहेर काढलं तेव्हा काळं ठिक्कर, कडा खाल्लेल्या. काहल आला होता, क्लबातला सगळ्यांत म्हातारा, आमचा शेजारी. झाकण उलटसुलट करून म्हणाला, "पोरी, अॅल्युमिनियम आणि कॉस्टिक, हे लग्न टिकत नाही." उद्या त्याच्या अडगळीत दुसरं शोधायचंय.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

झाकण मिळालं. काहलचे उपकार.

१९ ऑगस्ट, सोमवार

जेवण तसंच ठेवून लिहायला बसलेय.

जेल संपलं होतं, म्हणून बॉनेटची डावी बाजू पाणी लावून पॉलिशपेपरने घासायला घेतली. तोंडाला मास्क — जुन्या रंगात शिसं असतं. लाल विरळ झाला, खाली करडा दिसू लागला, आणि करड्यावर एक पांढरी रेघ. वाटलं ओरखडा असेल. पण रेघ सरळ खाली गेली, तिच्या शेजारी दुसरी, तिला आडवी दांडी. 14! हाताने रंगवलेला, वीतभर उंच! मग बोटाला कागद गुंडाळून तासन्‌तास इंच इंच घासलं. खाली एक नाव — बर्नी.

बर्नी म्हणजे आई.

उजव्या बाजूलाही असणार होतं. ते मी बुधवारी पट्टीने खरवडून कचऱ्यात टाकलं. लख्ख झालं म्हणून नाचले होते!

घरात जाऊन विचारलं. आईने बघायला यायचं नाव काढलं नाही. "तिथे घासायला कोणी सांगितलं होतं तुला?" म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

२० ऑगस्ट, मंगळवार

काहलला बरोबर नेऊन दाखवलं. त्याने टोपी काढली. मग सगळं सांगितलं. एकोणीसशे एकोणसाठ साली आई बावीस वर्षांची, बायकांच्या नांगरणीच्या सामन्यात उतरली. ट्रॅक्टर बाबांचा, लग्न ठरलेलं. अशी सरळ सरी त्या दिवशी एकाही पुरुषाने काढली नाही म्हणे. पहिली आली! देशपातळीच्या सामन्याला बोलावणं आलं. ती गेली नाही.

मी विचारलं, का नाही? काहल म्हणाला की गुरांच्या बाजारात पोरं बाबांना चिडवायची. "पॅकी, बर्नीचा ट्रॅक्टर चालवायला तिची परवानगी काढलीस का?" पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टर लाल झालेला दिसला.

माझी आई! अख्ख्या मोनहन जिल्ह्यात पहिली! आणि मला साठीला टेकल्यावर कळतंय, तेही पॉलिशपेपरकडून.

२२ ऑगस्ट, गुरुवार

बाबांचा राग राग येतोय. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, भांडायचं कोणाशी? मला सायकल शिकवणारा, माझी टपालाची पिशवी अभिमानाने गावभर मिरवणारा माणूस — आणि चार टवाळांच्या बोलण्यावरून बायकोचं नाव झाकून टाकतो?

कपाटावरचा त्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. आईने पाहिला.

२७ ऑगस्ट, मंगळवार

नंबर पूर्ण मोकळा झाला. चारच्या दांडीला थोडा धक्का लागलाय, बाकी शाबूत. बाकीचं सगळं उघडं लोखंड. दमट हवेत गंज धरायच्या आत प्रायमर मारला. उद्यापासून करडा. पण चौदाचं काय करायचं? त्याच्यावर करडा मारला तर मी बाबांहून वेगळी कशी? क्लबाचा नियम मात्र स्पष्ट आहे: मूळ रंग, वर काही नको.

१ सप्टेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर आई कोट न काढता थेट गोठ्यात आली. चौदावरून बोट फिरवलं. म्हणाली, "फोटो सरळ कर. तो रंग मी दिला होता. पॅकी बाजारात गेला होता, तेवढ्यात."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"तो म्हणत होता, जा, लग्न पुढे ढकलू. मीच घाबरले, तिथे हरेन म्हणून. मग रोज तो नंबर डोळ्यांसमोर नको झाला. लाल बघून तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही." मग सीटवर हात टेकून म्हणाली, "जरा धर मला. वर चढायचंय."