पिवळी ओळ

प्रिय लिएझल,

हा कागद बघून तुला हसू येईल. शेजारच्या गल्लीत राहणारा माणूस, त्यातून कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणारा, आणि पत्र लिहितोय बॉलपेनने. मेल का केला नाही ते पुढे येईलच, आधी घरची बातमी ऐक. रविवारी तुमच्याकडे बोलणीला यायचं म्हणून आमचे ताताय मुलाचे वडील म्हणून असे नाचतायत की जणू त्यांचंच दुसरं लग्न ठरलंय. डुक्कर ठरलं, ते भाजणारा माणूस ठरला, आणि थोरले काका मुलीची आई म्हणून तुझ्या नानायसमोर म्हणायच्या ओळी आरशापुढे घोकतायत. "मुलगा दिसायला बेताचाच, पण मनात खोट नाही," अशी सुरुवात आहे. काल जेवताना त्यांनी ती सगळ्यांना म्हणून दाखवली आणि मी ताटावरून उठलो. ताताय म्हणाले, "बघा, लाजला." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

गेल्या वर्षी तुझ्या इनबॉक्सची काय दशा होती, आठवतंय का? तू आयर्लंडच्या त्या हॉस्पिटलात नर्सच्या जागेसाठी अर्ज केला होतास, आणि त्यांचं एखादं पत्र शोधायचं म्हणजे खड्यांतून तांदूळ निवडायचे. तुझ्या आत्यांच्या 'ही प्रार्थना बारा जणांना पाठव, नाहीतर घरात आजारपण येईल' अशा धमक्या, घड्याळांच्या जाहिराती, लॉटरी लागल्याबद्दल अभिनंदन. तू मला म्हणालीस, "एवढा हुशार म्हणवतोस ना, मग हा उकिरडा उपस की." मी जुने भाग जुळवून तुला कॉम्प्युटर करून दिलाच होता, नानायच्या दुकानात बिस्किटांच्या बरण्यांमागे बसवलेला. त्याच्या ब्राउझरला मी एक जोडणी, म्हणजे एक्स्टेंशन, लावली आणि तिच्यात स्वतः लिहिलेली बारीकशी स्क्रिप्ट घातली. तेव्हा मोठ्या ऐटीत तुला समजावलं होतं की मेल जागचे हलत नाहीत, फक्त तुझ्या पडद्यावर ते कसे दिसावेत एवढंच ही स्क्रिप्ट ठरवते. तू जांभई दिलीस. नियम दोनच होते. हॉस्पिटलचं पत्र आलं की ती ओळ पिवळी होऊन सगळ्यात वर जायची. आणि बाकी अनोळखी पत्त्यांवरून जे काही येईल ते लपायचं. पहिली पिवळी ओळ आली, तुझ्या मुलाखतीची, तेव्हा तू माझ्या पाठीत असा गुद्दा घातलास की दोन दिवस दुखत होतं. मी मात्र ते दुखणं मिरवत होतो.

मग जानेवारीत मेलवाल्यांनी आपलं पान आतून बदललं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसेल, पण आतल्या खुणांची नावं फिरली आणि जगभरच्या माझ्यासारख्या उपद्व्यापी लोकांच्या स्क्रिप्टा कोलमडल्या. तुझ्या स्क्रिप्टचा पिवळा नियम मेला आणि लपवायचा नियम तेवढा जिवंत राहिला. म्हणजे आता हॉस्पिटलने लिहिलं तरी ते पत्र लॉटरीवाल्यांच्या रांगेत, पडद्याआड. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही तसलीच स्क्रिप्ट होती, त्यामुळे ते सकाळीच लक्षात आलं. दुपारपर्यंत नवी स्क्रिप्ट लिहून काढली, तुझ्यासाठी तिची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, खिशात टाकली आणि तुझ्याकडे निघालो. इथपर्यंत मी भला माणूस होतो, एवढं लक्षात ठेव.

तू दुकानाच्या पायरीवर बसली होतीस. मला बघून म्हणालीस, "बरा आलास. जरा बघ ना, कॉम्प्युटर बिघडलाय का? आपल्या चर्चच्या सणाआधी कळायला हवं होतं, अजून काही नाही." आणि नानाय आतून म्हणाल्या, "नाही आलं तर बरंच की. त्या थंडीत कशाला जायचंय मरायला? इथे काय मुलं मिळत नाहीत?" आणि माझ्याकडे बघून हसल्या. तू माझ्यासाठी कॉफी करायला आत गेलीस. मी कॉम्प्युटरसमोर बसलो. त्या एक्स्टेंशनचं छोटं चित्र खालच्या कोपऱ्यात असतं, त्यावर एकदा दाबलं की स्क्रिप्ट बंद, पुन्हा दाबलं की चालू. मी दाबलं, पान पुन्हा उघडलं, आणि लपलेलं सगळं वर आलं. त्यात ते पत्र होतं. मी उघडलं, लिएझल. तुझं पत्र तुझ्याआधी मी वाचलं. तुला जागा मिळाली होती. मुलाखतीत तू त्यांना फार आवडलीस असंही लिहिलं होतं. आतून कपबशांचा आवाज येत होता, तू काहीतरी गुणगुणत होतीस, आणि मला आनंद झाला का दुःख तेच कळेना. पण हाताला कळलं होतं. त्याने पत्रावर पुन्हा 'न वाचलेलं' अशी खूण केली, कोपऱ्यातलं चित्र दाबलं आणि ओळ नाहीशी झाली. तू कॉफी घेऊन आलीस, सोबत नानायच्या हातचे, नारळाच्या पानातून नुकतेच सोडवलेले भाताचे गरम इबोस. "काय रे, बिघडलाय?" मी म्हटलं, "नाही, कॉम्प्युटर ठीक आहे." पेन ड्राइव्ह खिशातच होता. आणि मी ते इबोस खाल्ले, दोन-दोन, साखर लावून.

त्यानंतर मी स्वतःची समजूत काढण्यात तरबेज झालो. मी पत्र पुसलं कुठे? ते जागच्या जागी आहे. मी खोटं कुठे बोललो? कॉम्प्युटर खरंच ठीक होता. बिघाड मेलवाल्यांनी केला, मी फक्त दुरुस्त केला नाही. अशी वकिली आतल्या आत रोज चालायची. त्यांनी आठवण करून द्यायला आणखी एखादं पत्र पाठवलंही असेल, मला ठाऊक नाही, मी पुन्हा पाहिलं नाही. तू त्यांना विचारावंस असं मीच एकदा सुचवलं, शपथेवर सांगतो, पण ते इतक्या मिळमिळीतपणे की तू म्हणालीस, "नको, कळवलं नाही म्हणजे नाहीच ते, मागे काय लागायचं?" आणि मी लगेच मान डोलावली. मग सण झाला, आणि चर्चबाहेर मेणबत्त्यांच्या गर्दीत मी तुला लग्नाचं विचारलं. तू हातावर सांडलेलं मेण खरवडलंस आणि म्हणालीस, "चालेल. माझं इंग्रजी कच्चंच आहे, डेल्फिन. मी उगाच उड्या मारत होते." मला होकार मिळाला, पण तो असा. तुझं इंग्रजी कच्चं नाही गं. माझं मन कच्चं.

एवढं होऊनही मी कदाचित गप्पच राहिलो असतो, इतका मी कोडगा झालो होतो. पण परवा दुकान उघडताना शेजारच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात तुझा तो लोकरीचा कोट टांगलेला दिसला. आयर्लंडसाठी तू तिथूनच घेतला होतास, भर उन्हात घालून बघितला होतास आणि घामाने निथळत मला विचारलं होतंस, "कशी दिसते? मेमसाहेब?" एक बटण तुटलं होतं ते तू हिरव्या दोऱ्याने शिवलंस, त्या दोऱ्यावरून मी ओळखला. दुकानवाली म्हणाली, "ती पोरगी परत देऊन गेली, म्हणाली आता लागणार नाही." मी शटर अर्धंच वर केलं आणि आत जाऊन बसलो. गिऱ्हाईक आलं, हाक मारून गेलं. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटते, पण त्याहून मोठ्या लाजा आता लिहून झाल्या आहेत.

तर आता मुद्द्याचं. ते पत्र अजून तिथेच आहे आणि त्यांनी उत्तराला या महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे अजून वेळ आहे, थोडा, पण आहे. कोपऱ्यातलं ते चित्र एकदा दाब आणि पान पुन्हा उघड. मीच येऊन करून दिलं असतं, पण त्या खुर्चीत बसल्यावर माझा हात काय करतो ते मी पाहिलंय, त्याच्यावर माझा भरवसा नाही. म्हणूनच मेलही केला नाही. ज्या पडद्यावर काय दिसावं ते मीच ठरवून ठेवलंय, तिथे ही कबुली कुठल्या तोंडाने पाठवू? हे पत्र नानायच्या हातात देऊन मी थेट घरी जाणार आहे आणि तातायना सांगणार आहे की रविवारी आपण जायचं नाही, डुक्कर नको म्हणून कळवा. आधी तुला देतोय, कारण उलटं केलं तर ते मला समजावतील आणि मी समजेन. मला माफ कर असं म्हणत नाही, ते मागायलाही तोंड हवं. तुला माझ्याशी भांडायचं असेल, नानायनी झाडू घेऊन यायचं असेल, तर दुकान उघडं आहे, मी कुठे पळत नाही. फक्त हे वाचून तशीच तरातरा इकडे निघू नकोस. आधी त्यांना उत्तर लिही.

तुझाच,
डेल्फिन