काचेपल्याडची बोटं

टोरांटो, फेब्रुवारी २००९

माय,
तुझ्या पायावर डोकं ठेवून अंबिका लिहायलीय. महांतेश, मायला मोठ्यानं वाचून दाखव, मधलं गाळू नको.

मी बरी हाय. थंडी लई हाय, पण तू दिलेली घोंगडी हाय की. अप्पाचा खोकला थांबला का? मेंढ्या कुठवर गेल्यात?

तू इचारलंस, डॉक्टर झालीस, आता आणखी काय शिकायलीस? माय, काही लेकरांचं रक्तच बिघडतंय. त्यांना भावाबहिणीच्या हाडातला मगज द्यायचा आन् तो अंगात रुजेपर्यंत जपायचं, ते शिकायलेय. तोवर लेकरू काचेच्या खोलीत एकटं ऱ्हातंय.

मॅगी म्हणून पाच वर्षांची पोर हाय. परवा तिच्या अंगात भावाचा मगज रुजला. मला ऱ्हावलं न्हाई. बाहेरनं काचेवरच तिच्या टकल्या डोक्यावरून हात फिरवला आन् माझ्या कानशिलावर बोटं मोडली, तू मोडतीस तशी. नजर काढली म्हणून तिला सांगितलं.

काल माझं अंग जरा कसकसत होतं. काळजी करू नको, उतरलं. मॅगीनं माझं तोंड बघितलं, काचेजवळ आली, माझ्यावरून हात फिरवला आन् आपल्या कानशिलावर बोटं दाबली. एक बी वाजलं न्हाई. तिला कुठं येतंय?

माय, तुझी कशी कडाकडा वाजायची! पत्र वाचून झालं की एकदा मोड. मी हिकडं कान लावून बसते.

तुझीच,
अंबी