चौकटीबाहेरचा चहा

रवि., ११ जानेवारी १९८७
स्वतःच्या घरात स्वतःच्या आरामखुर्चीत बसण्याचा हक्क माणसाला असावा की नसावा? आळीत टीव्ही फक्त आमच्याकडे, त्यामुळे दर रविवारी खुर्चीत शेजारची गोदाआते आणि मालक उंबऱ्यावर, पाय चपलांच्या ढिगात, मान वाकडी. राज्यघटनेत यावर कलम नाही. सौ.कडे दाद मागितली. म्हणाली, "तुम्ही तरी कुठे बघता? नावं ठेवायला उंबराच बरा."

सोम., १२
नावं ठेवण्याचंच फळ मिळालं. शाळेच्या हेडबाई आल्या. "साप्ताहिकात सगळ्यांची खोडी काढता ना? मग आमच्या सातवीला शनिवारी तासभर शिकवा. जाहिरातीत म्हणतील ते पोरं खरं मानतात." हो म्हणालो. मानधन: चहा.

शनि., १७
पहिला तास. एकच प्रश्न शिकवला: कशावरून? अमुक पावडरीने दात चमकतात. कशावरून? तमुक पुढारी गरिबांचा वाली. कशावरून? वर्ग दणाणला. शेवटी सुनंदा, वर्गातली सगळ्यात तिखट, "सर, तुमच्या सदरात येतं ते तरी कशावरून?" धन्य झालो.
सुटल्यावर कुसुम थांबली. आमच्याच आळीतली. बाप मुंबईला एका कँटीनमध्ये, यंदा गणपतीलाही आला नाही. "तात्या, उद्या टीव्हीवर कबड्डी आहे ना, तिथं बाबा चहा देणारेत. दिसतील. कळवलंय त्यांनी." सगळ्या वर्गाला सांगूनही झालंय.

रवि., १८
अख्खी सातवी आमच्या ओटीवर. कुसुम पुढे, केसात अबोली. खेळाडू दिसले, पंच दिसले, पाहुण्यांच्या गळ्यातले हार तर फारच दिसले. चहा मात्र कुणी प्यायलाच नाही. सामना संपला.
सुनंदा: "काय गो कुसुम, तुझे बाबा होते तिथं? कशावरून?"
मग सगळे एका सुरात, कशावरून, कशावरून. सूर माझाच. सुनंदाची भुवईसुद्धा माझ्यासारखी उडाली. इतके चांगले विद्यार्थी मला नको होते.
कुसुम चपला न घालताच गेली. सौ.ने नेऊन दिल्या.

मंगळ., २०
कुसुम शाळेतही गप्प, हेडबाई सांगत होत्या. आता बाप थापा मारतो असं ठरलंय. सौ.: "तुम्ही शिकवलंत, तुम्हीच निस्तरा." सदराला बसलो. चार ओळी, चारही पाणचट. फाडल्या.

शनि., २४
पोस्टकार्डं नेली. प्रत्येकाला मधोमध चौकोन कापायला लावला आणि वर्ग मांडवीच्या जेटीवर. एक डोळा मिटा, चौकटीतून बघा, दिसेल तेवढंच सांगा. सुनंदा: "समुद्र, एक होडी. झालं." आता कार्ड खाली करा. काय राहिलं? जाळं विणणारी म्हातारी, दोन कुत्री, बर्फगोळा, छत्रीखाली वैतागलेल्या हेडबाई (मोठा हशा).
विचारलं, टीव्हीवाले चौकट कुठे धरतात? ज्याच्या उत्तरावर मला थट्टा सुचणार नाही, त्याला गुळाचं खाजं. उत्तरं आली, सगळ्यांची उडवली.
कुसुमचं कार्ड अजून डोळ्यालाच. "चहावाल्याकडे नाय धरत, सर. पण चहा तर सगळ्यांनी प्यायला असेल ना?"
थट्टा सुचली नाही. वारा बरा होता, तिकडे तोंड केलं.
परतताना सुनंदा कुसुमच्या बाजूने चालत होती. मध्येच म्हणाली, "नव्हते, हे तरी कशावरून?" कुणाला म्हणाली कोण जाणे.

रवि., १ फेब्रुवारी
त्याच कबड्डीचा अंतिम सामना. ओटी भरलेली. पोरांची नजर पडद्याच्या कडांवर, गुण विचारले तर एकालाही सांगता येईना. मध्यंतरात कॅमेरा घाईने वळला आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक ट्रे, दोन हात, अर्धी बाही. गेलं. पुरता श्वासही झाला नसेल.
"हात! कुसुम, हात!" सुनंदाच किंचाळली. गोदाआते खुर्चीतून उठून उभी राहिली (मी बसलो नाही. नोंद असावी).
"बाबांचेच ना गो?"
कुसुम पडद्याकडेच बघत होती. "नीट नाय दिसले," म्हणाली. "पण ट्रे तसाच धरतात."
'कशावरून?' एकानेही विचारलं नाही.

सोम., २
बाजारात गेलो. खाजं घेतलं, पावशेर, ताजं. कुसुमकडे गेलो. ती शाळेत. तिची आई अंगण सारवत होती, शेणाचे हात तसेच.
"ह्ये कशाला, तात्या?"
"जेटीवरच्या शनिवारचं राहिलं होतं द्यायचं. तिला ठाऊक आहे."
"बरं."
"शिमग्याला येतायत ना तिचे बाबा?"
"म्हणालेत तसं. पालखी दारात येईल त्याच्या आत."
पुडा ओटीवर ठेवला. मुंग्या लागतील म्हणून पुन्हा उचलून खुंटीला अडकवला, आणि ओल्या अंगणाच्या कडेकडेने बाहेर पडलो.